आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी... आणि वॉकीटॉकी कपाटात!

आपल्या म्हणी करणारी माणसे मोठी तल्लख असली पाहिजेत. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' ही म्हण घ्या. आग लागली हे कळले होते, बंब होता, तो निघालाही होता. फक्त निरोप चुकला. आग म्हटले की आपण पाणी मोजतो, बंब मोजतो, माणसे मोजतो. निरोप मात्र कुणी मोजत नाही. म्हणूनच आज बंबाबद्दल फारसे न बोलता, बंबावरच्या आणि बंबाआधी धावत आलेल्या माणसांच्या हातातल्या त्या छोट्या बिनतारी संचाबद्दल बोलूया. आणि त्यासाठी जाऊया थेट तापीकाठी, बऱ्हाणपूरला.

बऱ्हाणपूर आपल्यापासून लांब, मध्य प्रदेशात. पण इचलकरंजी किंवा वडगाव-शहापूरच्या गल्ल्यांतून वाढलेल्या माणसाला ते परके वाटत नाही. मागांचा तोच खडखडाट, सुताच्या गाठींनी भरलेल्या तशाच हातगाड्या. आणि सीमाही तशीच! २००३ साली स्वतंत्र जिल्हा झालेले हे गाव मुंबई-इटारसी लोहमार्गावर आहे आणि पलीकडे लगेच जळगाव जिल्ह्यातला रावेर तालुका लागतो. त्यामुळे हिंदी, मराठी, उर्दू आणि निमाडी या चारही बोली एकाच चहाच्या टपरीवर ऐकू येतात. इथल्या जामा मशिदीत फारुकी सुलतानाने सोळाव्या शतकाच्या अखेरीस कोरून घेतलेला लेख अरबीबरोबर संस्कृतातही आहे. आपण घरात कन्नड आणि दारात मराठी बोलणारी माणसे. हे पाहून आपल्याला जरा जास्तच बरे वाटते.

जुने बऱ्हाणपूर तटबंदीच्या आतले. गल्ल्या अरुंद, घरे एकमेकांना खेटून. अशा गावात खाली माग आणि वर बिऱ्हाड असते, हे इचलकरंजीकरांना सांगायला नको. कापूस पेटला की नुसत्या ज्वाळा विझवून भागत नाही. गाठीच्या पोटात हवा असते आणि आत धुमसत राहिलेला विस्तव तासांनी, कधी दिवसांनीही पुन्हा डोके वर काढतो. मागांच्या खोलीत तर सुताचे बारीक तंतू छतापासून दिव्याच्या वायरीपर्यंत सगळीकडे चिकटलेले असतात. ठिणगी पडली की आग त्या तंतूंवरून पळत जाते. मोठा बंब बोळात शिरत नाही, तो चौकात उभा राहतो आणि तिथून पाइप ओढत न्यावा लागतो. नळी धरणारा माणूस एका टोकाला, पंप चालवणारा दुसऱ्या टोकाला, मध्ये तीन वळणे. दोघे एकमेकांना दिसत नाहीत. मागांचा आवाज आणि लोकांचा गलका यांत हाक ऐकू येत नाही. इथे लागतो तो बिनतारी संच.

आता या गावातल्या पेठांची नावे बघा. राजपुरा, शिकारपुरा, सिंधीपुरा, सिलमपुरा. हातातल्या संचाची एक खोड अशी, की बटण दाबल्यावर तो ऐकणे थांबवून बोलायला लागेपर्यंत क्षणभर जातो. घाईत असलेला माणूस बटण दाबता दाबताच बोलायला सुरुवात करतो आणि पहिले अक्षर हवेत विरते. पलीकडे ऐकू येते ते नुसते '...पुरा'! कुठला पुरा? आपल्याकडे तर याहून बिकट. बेळगावात प्रत्येक पत्ता 'गल्ली'वर संपतो आणि मारुती गल्ली नाही असे गाव शोधूनच काढावे लागेल. रामेश्वर आणि सोमेश्वर यांतही मागचे 'ेश्वर' सारखेच, चूक होते ती पुढच्या अक्षरात. म्हण करणाऱ्याने हे मुद्दाम केले नसेलही, पण गोम नेमकी तीच आहे.

म्हणून जगभर जिथे जिथे हे संच वापरतात, तिथे शिकवण्याचा पहिला धडा बोलण्याचा नसतो, थांबण्याचा असतो. आधी ऐका, दुसरे कुणी बोलत नाही ना. मग बटण दाबा, एक श्वास घ्या आणि मग बोला. ज्याला हाक मारायची त्याचे नाव आधी, आपले नंतर. ठिकाण दोनदा सांगा आणि ऐकणाऱ्याने ते उलट म्हणून दाखवल्याशिवाय निरोप पोचला असे धरू नका. फोनवर दोघे एकदम बोलले तरी थोडेफार कळते. साध्या संचावर दोघांनी एकाच वेळी बटण दाबले की बहुधा कुणाचेच कळत नाही, नुसती खरखर उरते.

पहिला धावून येतो कोण?

जर्मनीत, अमेरिकेत लहान गावांची अग्निशमन दले बहुतेक स्वयंसेवकांची असतात. बेकरीवाला, शाळामास्तर, सुतार आपापले काम टाकून भोंगा वाजला की धावतात. एकट्या जर्मनीत असे दहा लाखांच्या आसपास स्वयंसेवक आहेत. आपल्याकडे ही संस्था त्या रूपात रुजली नाही. होमगार्ड संघटना १९४६ साली मुंबई प्रांतातच सुरू झाली, नागरी संरक्षणाचा कायदा १९६८ साली आला आणि त्यात आग विझवायला मदत करणाऱ्या स्वयंसेवकांची सोय आहे. अलीकडे 'आपदा मित्र' योजनेतून तरुणांना शिकवलेही जाते. पण खरे सांगायचे तर गल्लीत आग लागली की पहिली पाच-दहा मिनिटे तालमीतली पोरे, गणेश मंडळाचे कार्यकर्ते आणि शेजारच्या कारखान्यातले मागवाले हीच आपली स्वयंसेवी अग्निशमन दले. त्यांच्या धाडसाबद्दल कुणाला शंका नाही. शंका आहे ती एवढीच, की वीस पोरे आत-बाहेर करत असताना कोण आत आहे आणि कोण बाहेर, हे त्या क्षणी एका तरी माणसाला ठाऊक असते का?

हे प्रश्न धंदेवाईक दलांनाही सुटलेले नाहीत. मुंबईच्या गोदीतला १४ एप्रिल १९४४ चा स्फोट आपल्या आजोबा-पणजोबांच्या बोलण्यात असायचा. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजावर सुमारे १,४०० टन स्फोटके होती आणि जोडीला कापसाच्या हजारो गाठी. दुपारी धूर दिसला. आग लागल्यावर दलाच्या माणसाला नियंत्रण कक्षाला फोन करून विशेष सांकेतिक क्रमांकाने 'मोठी आग' अशी वर्दी द्यायला पिटाळले. जवळच्या फोनला डायलच नव्हती! पलीकडून कुणी उत्तरही देईना. शेवटी त्याने आगीच्या धोक्याच्या घंटेची काच फोडली. घंटा वाजली, पण आग स्फोटकांच्या जहाजावर लागली आहे हे घंटेला सांगता येत नाही. नियंत्रण कक्षाने नेहमीच्या रिवाजाप्रमाणे दोन बंब पाठवले. जहाज जागीच बुडवायचे की समुद्रात ओढून न्यायचे, याचा ठाम हुकूम कुणीच देईना. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. त्यांच्या स्मरणार्थ १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह देशभर पाळतात. निरोप वेळेवर पोचता तर स्फोट टळला असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. पण काय जळते आहे हे कळायलाच वेळ गेला, एवढे खरे.

यावर कुणी म्हणेल, तेव्हा वायरलेस कुठे होते? बरे, मग साठ वर्षे पुढे येऊ. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जुळ्या मनोऱ्यांत ३४३ अग्निशामक मृत्युमुखी पडले. ते जगातल्या सर्वांत श्रीमंत शहरांपैकी एकाचे दल होते. उंच इमारतीत संच पोचावेत म्हणून तिथे आवाज पुढे ढकलणारे यंत्र, म्हणजे रिपीटर, बसवलेले होते. पण चौकशी आयोगाच्या २००४ च्या अहवालात नोंद आहे, की उत्तरेकडच्या मनोऱ्यात त्या यंत्राचे दोनांपैकी एकच बटण दाबले गेले. अधिकाऱ्यांना वाटले यंत्र बंद आहे आणि त्यांनी तो मार्गच सोडून दिला. सुट्टीवरचे कितीतरी जवान घरून धावत आले, त्यांच्याकडे संचच नव्हते. एकाच वाहिनीवर इतके जण बोलू लागले की महत्त्वाचे बोलणे त्या गर्दीत हरवले. त्याच वर्षी वसंतात नवे डिजिटल संच दलाला दिले होते, ते थोड्याच दिवसांत परत घ्यावे लागले होते, कारण नवी वस्तू हातात पडली तरी ती हातात मुरलेली नव्हती.

इतक्या पैशाच्या दलाची ही कथा! मग आपल्या मंडळाने वर्गणीतून चार संच आणून गणपतीच्या मिरवणुकीपुरते वापरले आणि नंतर अध्यक्षांच्या कपाटात ठेवले, तर आगीच्या दिवशी काय होणार?

संच किती, कसले?

तीस पोरांना तीस संच नकोत. खरे तर तीस संच म्हणजे तीस तोंडे. आत जाणाऱ्या दोघादोघांच्या जोडीला एक, पंपाजवळच्या माणसाला एक, बाहेर उभे राहून सगळ्यांची नोंद ठेवणाऱ्याला एक आणि एक राखीव. एवढ्यात एका गल्लीचे काम भागते. पण सगळे एकाच बनावटीचे हवेत. दोन आज स्वस्तात मिळाले, दोन पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीचे, असे केले की एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत नाही, एकाचा चार्जर दुसऱ्याला चालत नाही आणि ऐन वेळी चारांतले दोनच जिवंत निघतात. प्रत्येक संचाला जादा बॅटरी आणि महिन्यातून एकदा ती किती वेळ टिकते याची परीक्षा. दोन-तीन वर्षांत बॅटरी म्हातारी होते, दिवा मात्र हिरवाच दाखवत राहते.

कायदाही ध्यानात ठेवावा. बिनतारी लहरी ही सरकारी मालमत्ता आहे. कुठल्याही कंप्रतेवर बोलता येत नाही. पोलीस, महापालिका, वन खाते यांना त्यांच्या वाहिन्या रीतसर परवान्याने दिलेल्या असतात. २०१८ च्या नियमांनी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या छोट्या पट्ट्यात कमी ताकदीचे संच परवान्याशिवाय वापरायला मुभा दिली. मंडळांना तेवढे पुरे आहे. बाजारात ऑनलाइन मिळणारे जोरदार संच मात्र बहुधा परवान्याविना वापरता येत नाहीत आणि कंप्रता न सांगता ते विकणाऱ्यांवर ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ साली नियमच केले. कमी ताकदीचा संच जुन्या जाड भिंतींतून फार लांब जात नाही, हे खरे. म्हणून आपल्याच गल्लीत, आपल्याच घराच्या आतून बाहेर बोलून आधी बघावे. कुठल्या जिन्यात आवाज मरतो, कुठल्या खिडकीपाशी उमटतो, हे शांतपणी कळायला हवे.

मोबाईल आहे की, असे पोरे म्हणतात. आहे, वर्दी द्यायला ११२ किंवा १०१ मोबाईलवरूनच लावायचा. पण फोन एकाला लागतो, संच सगळ्यांना एकदम ऐकू येतो. आणि मोठ्या संकटात मनोरे कोलमडतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला तेव्हा मोबाईल नव्हतेच, टेलिफोनही तुटले. हौशी रेडिओचालकांनी आपले संच नेऊन तिथून निरोप बाहेर पोचवले. त्या मंडळींची एक रीत मला फार आवडते. अनेक जण एका वाहिनीवर असले की एक जण सूत्रे हाती घेतो आणि त्याने नाव घेतल्याशिवाय दुसरा कुणी तोंड उघडत नाही.

माझे तर मत असे, की हे बाहेर बसून सूत्रे सांभाळण्याचे काम गल्लीतल्या दणकट पोराला देऊच नये. त्याचे पाय आगीकडे ओढतात. ते द्यावे टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेल्या एखाद्या काकूंना किंवा हजेरी घेण्यात हयात घालवलेल्या गुरुजींना. वही, पेन, घड्याळ आणि संच. दर दहा मिनिटांनी हजेरी: कोण कुठे आहे. उत्तर आले नाही की पुन्हा हाक, तरीही नाही आले की शोध. 'काकू, मी आहे इथेच' असे पोराने म्हटलेले चालणार नाही. 'इथेच' म्हणजे कुठे, ते सांगायचे!

आता आपल्या घरची गोष्ट. दोन भाषा येणे ही श्रीमंती आहे, पण घाबरलेला माणूस आईच्या भाषेत ओरडतो, आणि गल्लीतल्या सगळ्यांची आई एक भाषा बोलत नाही. मराठीत 'पाणी सोडा' म्हटले तर पाणी चालू करायचे. 'सोडा आता' म्हटले तर नाद सोडायचा. कन्नडमध्येही तेच: 'नीर बिडु' म्हणजे पाणी सोड आणि नुसते 'बिडु' म्हणजे राहू दे. बऱ्हाणपूरच्या हिंदीतले 'छोड़ो' त्याच जातीचे. तीन भाषा, तिन्हींत तोच खड्डा. त्याहून वाईट 'नीर बंतु' आणि 'नीर बंद'. एकात पाणी आले, दुसऱ्यात बंद केले. खरखरीत फरक राहतो तो शेवटच्या अक्षराचा. 'बेकु' आणि 'बेडा' यांचेही शेपूट तुटले की हवे-नको दोन्ही सारखेच. इंग्रजांच्या वेळेपासून चालत आलेल्या अग्निशमन कवायतीत पाणी सुरू करायला 'वॉटर ऑन' आणि थांबवायला 'नॉक ऑफ' म्हणतात. 'वॉटर ऑफ' म्हणत नाहीत, हे लक्षात घ्या. ऑन आणि ऑफ गोंगाटात जुळी भावंडे होतात.

आणि एक शब्द तर मला रात्री झोप लागू देत नाही: 'सापडला'. धुराने भरलेल्या माडीवर दोन पोरे शिरली आहेत, खाली गल्लीत मुलाची आई उभी आहे, चार बायकांनी तिला धरून ठेवले आहे. बाहेरच्या माणसाच्या हातातला संच खरखरतो आणि आवाज येतो, 'पोरगा सापडला...'. सापडला म्हणजे मिळाला, की आगीत सापडला? मराठीत दोन्ही होते. कन्नडमध्ये 'सिक्किद' म्हटले तरी सुटका नाही, तोही मिळालेला आणि अडकलेलाही. बाहेरच्या माणसाने आता काय करायचे? आणखी दोघांना आत धाडायचे की आत गेलेल्यांना बाहेर बोलवायचे? आणि त्या माउलीने काय समजायचे? म्हणून हा शब्द संचावर बंद. 'मुलगा आमच्याजवळ आहे, बाहेर आणतो' किंवा 'मुलगा अडकला आहे, माणसे पाठवा'. शब्द दोन जास्त गेले तर जाऊ देत. आत गेलेला पोरगा स्वतः अडकला तर त्यासाठी जहाजे-विमानांपासून अग्निशामकांपर्यंत सगळे 'मेडे' तीनदा म्हणतात. आपण 'अडकलो' तीनदा ठरवले तरी चालेल. तो शब्द आला की बाकी सगळ्यांनी बटणावरून बोट काढायचे.

अमेरिकेने २००६ पासून वेगवेगळ्या दलांनी एकत्र काम करताना सांकेतिक आकडे टाकून साधी भाषा वापरण्याचा आग्रह धरला, कारण एका गावचा 'दहा' दुसऱ्या गावी वेगळाच असायचा. आपल्याकडे हा प्रश्न कोगनोळीचा नाका ओलांडला की उभा राहतो. कर्नाटकात अग्निशमन हे राज्य सरकारचे खाते आहे, १९६४ च्या कायद्याने उभे राहिलेले. महाराष्ट्रात ते नगरपालिका-महापालिकांच्या अंगावर, आणि मध्य प्रदेशातही बहुतांशी तसेच. इकडचा बंब तिकडे मदतीला गेला तर दोघांच्या वाहिन्या वेगळ्या, दोघांचे हुकूम वेगळे. बऱ्हाणपूर-रावेरच्या पट्ट्यातही हीच तऱ्हा संभवते. दोन राज्यांची खाती एका वाहिनीवर येतील तेव्हा येतील. तोवर एका बाजूच्या माणसाने दुसऱ्या बाजूच्या प्रमुखाशेजारी आपला संच घेऊन नुसते उभे राहायचे. दोन संच, दोन माणसे, मध्ये हाताचे अंतर. उपाय गावठी आहे, पण चालतो, आणि त्या जागी दोन्ही भाषा येणारा माणूस असला तर दुधात साखर. असा माणूस आपल्याकडे दर दुसऱ्या घरात आहे.

मंडळांनी हे करून पाहायचे असेल तर गणपतीची वाट बघू नये. रविवारी संध्याकाळी अर्धा तास पुरतो. एकाने माडीवर जाऊन डोळे मिटून बोलावे, दुसऱ्याने चौकात उभे राहून ऐकलेले लिहून घ्यावे आणि मग दोन्ही ताडून बघावे. पहिल्या दोन रविवारी हसून पोट दुखेल. गल्लीतल्या सारख्या वाटणाऱ्या नावांना दुसरी नावे द्यावीत: दत्ताच्या देवळाची, पिठाच्या गिरणीची, जुन्या विहिरीची. संचाच्या पाठीवर चिकटपट्टी लावून तिच्यावर संचाचा क्रमांक, वाहिनीचा आकडा आणि ठरलेले पाच-सहा शब्द लिहावेत. वरच्या ओळीत मराठी, खालच्या ओळीत कन्नड. घामाने अक्षर पुसते, म्हणून वरून पारदर्शक टेप लावावी. आणि कपाटाची किल्ली अध्यक्षांच्या कंबरेला न ठेवता रात्री उघडे असणाऱ्या एखाद्या घरात, खिळ्याला अडकवून ठेवावी.